शोभेचा अळू, खायचा अळू

“घट्ट धर की.”

“धरलाय. तुम्ही फिरवा.”

कॅनच्या झाकणाचे आटे झिजले होते. एकट्याने लावलं तर झाकण तिरकं बसायचं आणि माधवगंजपासून पडावपर्यंत सायकलच्या कॅरिअरवरून पाणी गळत जायचं. म्हणून रोज सकाळी आमची ही दोन्ही हातांनी कॅन धरायची आणि मी झाकण फिरवायचो. कॅनमध्ये काय, तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी. ते मी हॉटेलात नेऊन तिच्या अळूला घालायचं. मी रोज कुरकुरायचो.

“लोक सायकलवर दूध नेतात, मी धुवण नेतो.”

“दुधावर अळू येत नाही,” ती म्हणायची.

त्या दिवशीही एवढंच बोललो. दुपारी शेजाऱ्याचा फोन आला. मी घरी पोचेपर्यंत सुमन गेली होती. हार्ट.

ही चैत्रातली गोष्ट. त्यानंतर मी कॅन मोरीत उलटा टाकून दिला. घरात भात शिजवला नाही. हॉटेलच्या स्टाफ मेसमध्ये जेवायचो, रात्री पोळ्या डब्यात बांधून आणायचो. पुढचं सगळं भाद्रपदात घडलं.

मी माळी. सातवी नापास. आमचे खापरपणजोबा दक्षिणेतून भाला घेऊन ग्वाल्हेरला आले, मी खुरपं घेऊन राहिलो. पडावजवळच्या एका हॉटेलात अठ्ठावीस वर्षं झाडं बघतोय. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण अजून तिथेच नोकरी आहे.

हॉटेलात अळू दोन ठिकाणी होता. एक पुढे, फाटकाशी. हा शोभेचा. पानं सुपाएवढी, चकचकीत, टोकं वर करून उभी. गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की आधी त्याचाच फोटो काढतं. दुसरा मागे, किचनच्या भिंतीशी. तो सुमनचा. एकदा ती माझा डबा द्यायला आली, तर पाणी शुद्ध करायच्या मशीनचं वाया जाणारं पाणी नळीतून नुसतं वाहत होतं. तिला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी पदरात चार कंद घेऊन आली आणि तिथे खोचून गेली. हा अळू बुटका. पानं खाली मान घातलेली, देठ काळपट. फोटो कोणी काढत नाही. वडी याचीच होते.

दोन्हीतला फरक तिने मला शिकवला. मी शोभेचा माळी. झाडाला ऊन किती, पाणी किती, एवढं मला कळतं. तोंडात काय घालायचं ते तिला कळायचं. ती म्हणायची, “पान उलटं करा. देठ पानाला कुठे चिकटलंय बघा. आमच्या अळूचं देठ पानाच्या पाठीवर, काठापासून जरा आत चिकटतं. तुमच्या त्या नवरदेवाचं बरोबर खाचेत चिकटलंय.” त्यात खायच्या अळूलाही खाज असतेच. चिंच घातली, नीट शिजवला, की मरते. शोभेच्याची कशानेच मरत नाही.

तर भाद्रपदात गोरखीच्या लेलेबाईंनी सुनेचं डोहाळजेवण आमच्या हॉटेलात ठरवलं. माणसं चाळीस. सुनेला डोहाळे लागले अळूवडीचे. मेनूत पहिलीच अळूवडी.

आमचे मॅनेजर सक्सेना साहेब नवे. वय तिशीचं, चालणं पळाल्यासारखं, बोलणं त्याहून जोरात. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी साडेआठला त्यांनी मला आणि किचनच्या भदौरिया उस्तादला बोलावलं आणि दोन ऑर्डरी दिल्या.

पहिली ऑर्डर मला. “काका, किचन के पीछे जो जंगल है, वो चार बजे तक साफ। वहाँ झूला लगेगा। नीचे आर्टिफिशियल ग्रास।” डोहाळजेवणात बाईला झोपाळ्यावर बसवतात, तो झोपाळा.

जंगल म्हणजे सुमनचा अळू.

काय बोलणार? साहेब, हे माझ्या बायकोचं आहे? हॉटेलच्या जागेत?

दुसरी ऑर्डर भदौरियाला, अळूच्या पानांची. “अरबी के पत्ते मंडी से मत मँगाना। गेट पे इतने लगे हैं। फ्री, फ्रेश, ऑर्गेनिक।”

इथे मात्र मी तोंड उघडलं. “साहब, वो खाने का नहीं है। गला पकड़ लेगा।”

साहेबांनी मोबाईल काढला. त्यात एक ॲप होतं. झाडाचा फोटो दाखवला की नाव सांगतं. साहेबांनी ते फाटकाशी नेऊन वाचून दाखवलं. “कोलोकेसिया। पत्ते खाए जाते हैं। लिखा है, देखो।”

“साहब, मशीन ने कभी खाया है क्या?”

“काका, आप पढ़े कितना हो?”

“सातवीं फेल।”

“बस फिर।”

प्लॅस्टिकच्या गवताची गुंडाळी तिथेच पडली होती. मी म्हणालो, याचा फोटो काढा. त्यांनी काढला. ॲप म्हणालं, दूब. म्हणजे दूर्वा.

मला वाटलं, आता समजतील. साहेब खूश झाले. “देखा? इतनी बढ़िया क्वालिटी है कि मशीन भी नहीं पकड़ पाई।”

भदौरिया भिंडचा. सगळ्यांशी भांडतो, मॅनेजरशी नाही. सुरी घेऊन गेला आणि माझ्या नवरदेवाची दहा पानं कापून आणली. मी कुदळ घेऊन मागे गेलो.

मागे जाऊन उभा राहिलो. पाच महिन्यांत मी त्या अळूकडे धड बघितलंसुद्धा नव्हतं. मशीनच्या पाण्यावर आपला आपण जगला होता. जगलाच नाही, वाढला होता. मी कुदळ उचलली, एक घाव घातला. तो कडेला, मोकळ्या मातीत घातला. दुसरा घालायच्या आधी विडी काढली. मी विडी कधीच सोडलीय, पण खिशात एक ठेवतो. ती नुसती हातात धरून बसलो.

अकराच्या जरा आधी आतून आरडाओरडा ऐकू आला.

झालं होतं असं. लेलेबाई चव बघायला अकराला येणार होत्या. त्या येण्याआधी आपण बघू, म्हणून साहेबांनी दोन वड्या उभ्या उभ्याच तोंडात टाकल्या. मी किचनमध्ये पोचलो तेव्हा ते बेसिनशी जीभ बाहेर काढून उभे होते. ओठ सुजायला लागले होते. भदौरिया कोपरापर्यंत हात खाजवत होता.

“पानी!” साहेब ओरडले. निदान मला तसं ऐकू आलं.

“पानी रहने दो। दही खाओ,” मी म्हणालो.

“उस्ताद, चिंच घातली होती का?” मी भदौरियाला विचारलं. माझं मराठी त्याला कळतं.

“आधा किलो डाली थी काका! ये पत्ता है कि ततैया?”

ततैया म्हणजे गांधीलमाशी. मला हसू आलं. चैत्रानंतर पहिल्यांदाच. ते दाबायला मी फ्रिजमध्ये डोकं घातलं आणि दह्याचं भांडं काढलं.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, या पानात बारीक सुया असतात, काचेसारख्या. त्या जिभेत, घशात टोचतात. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि साहेबांना दोन दिवस कमी बोला म्हणाले. हा उपचार स्टाफला फार आवडला.

पण डॉक्टरकडे जायच्या आधीच लेलेबाई आल्या. नऊवारी नाही, सलवार-कमीज, गळ्यात चष्मा. त्यांनी साहेबांकडे बघितलं, परातीकडे बघितलं, उरलेलं एक पान उचललं.

“अगो बाई! हे कोणी खातं का? हे बंगल्याच्या फाटकापाशी ठेवतात. माझ्या सुनेला सातवा महिना आहे, कळतंय का तुम्हाला?” मग हिंदीत वळल्या. “आपको समझ है कि नहीं? ये उसके पेट में जाता तो?”

साहेब काहीच बोलू शकत नव्हते. हात जोडून उभे राहिले.

लेलेबाई माझ्याकडे वळल्या. “कदम, सुमनचा अळू इथेच कुठेतरी होता ना? ऋषीच्या भाजीला तीच आणून द्यायची मला. यंदा मी विचारलं नाही. कसं विचारू, म्हटलं.”

“आहे,” मी म्हणालो.

साहेबांना मराठी येत नाही, पण एवढं समजलं की पान कुठेतरी आहे. त्यांनी मोबाईलवर टाईप करून माझ्यासमोर धरलं. मी चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं. ‘काका असली पत्ते कहाँ हैं।’

“जहाँ आप झूला लगवा रहे हो, वहीं।”

साहेबांनी डोळे मिटले.

मी म्हणालो, “पत्ते दूँगा। कंद नहीं खोदूँगा। झूला आगे लगाओ। और वो क्यारी मेरे रिटायर होने तक कोई नहीं छेड़ेगा।”

त्यांनी मान हलवली. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी माझं बोलणं मधे न तोडता शेवटपर्यंत ऐकलं. मी विचार केला, हीच वेळ आहे, आणि नवा पाइपही मागून घेतला.

लेलेबाई माझ्याबरोबर मागे आल्या. चप्पल काढूनच वाफ्याशी उभ्या राहिल्या, का ते त्यांनाच माहीत. मी पानं कापायला लागलो. काळं देठ कापलं की चीक येतो, त्याचे डाग कपड्यावरून जात नाहीत. माझ्या सगळ्या शर्टांवर तो आहे. ही त्यावरून बोलायची.

“सगळी नका हो काढू,” लेलेबाई म्हणाल्या. “थोडी ठेवा.”

“चाळीस माणसं आहेत.”

“असू द्यात. एकेक वडी कमी खातील.”

“नाही. कमी पडलेलं तिला चालायचं नाही.”

सगळी काढली. फक्त न उलगडलेल्या सुरळ्या ठेवल्या. अर्ध्या तासात वाफा असा दिसायला लागला की जणू कोणी तिथे हजामत करून गेलंय. मी तिकडे पाठ केली आणि पानं आत नेली.

पुढचं लेलेबाईंनी हातात घेतलं. भदौरियाचे हात तेल लावून बांधले होते, म्हणून काम हाताखालची पोरं करत होती आणि शिव्या उभा राहून तो खात होता. “शिरा लाटून घे. पीठ पातळ नको. चिंच अजून. अजून!” तो “जी अम्मा, जी अम्मा” करत होता. भिंडचा माणूस एवढा नरम मी कधी पाहिला नाही.

झोपाळा पुढे लागला, माझ्या नवरदेवाच्या शेजारी. फोटो छान आले. तेवढ्यासाठीच तो आहे. सूनबाईंनी झोपाळ्यावर बसून सात वड्या खाल्ल्या. आठवीला सासूने ताट ओढलं. साहेब ऑफिसात बसून दहीभात खात होते.

संध्याकाळी लेलेबाईंनी मला द्रोणात दोन वड्या पाठवल्या. खरं सांगायचं तर मला अळूवडी आवडत नाही. चाळीस वर्षं हिने केली, चाळीस वर्षं मी नावं ठेवली. एक खाल्ली. मीठ कमी होतं. दुसरीही खाल्ली.

नव्या माळ्यांना मी यातून एवढंच सांगतो. पान दिसायला फार देखणं असेल तर खायच्या आधी उलटं करून बघा. आणि तरी कोणी ऐकलंच नाही, तर पहिली वडी मॅनेजरला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. पानं काढली की अळूला खायला लागतं. मोरीतून कॅन काढला, धुतला. तांदळाचा डबा शोधला. एका माणसाचे तांदूळ धुतले, तर पाणी तळालाच राहिलं. पुन्हा धुतले. मग डाळ धुतली, दोनदा. कॅन अर्धा झाला. कॅन दोन गुडघ्यांत धरला आणि झाकण फिरवलं. तिरकं बसलं. काढलं, पुन्हा लावलं. चौथ्या वेळी बसलं.

गळलं थोडं. पण पडावपर्यंत पोचलं.