मामाने रचलेलं तळघर

"झाकलंय म्हणजे मोठंच असणार," हे आमच्या मामाचं ठरलेलं वाक्य. मामा न्हावी. त्याच्या दुकानासमोर धर्मपीठाची दगडी इमारत होती, तिच्या तळघरात जुने ग्रंथ होते आणि तळघराला कुलूप होतं. मामाला एवढं पुरे होतं. तिथे असा एक ग्रंथ दडवलाय, की तो उघडला तर भल्याभल्यांना धर्म पहिल्यापासून शिकावा लागेल, असं तो गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत सांगायचा. गळ्याशी वस्तरा असताना वाद कोण घालणार? सगळे नुसते हूं म्हणायचे.

त्याच तळघरात मामी झाडलोट करायची.

"अहो, कागद आणि कसर, दुसरं काही नाही तिथे."

"खरं ते तुला दाखवत नसतील."

"मग काय, डोळे बांधून केर काढते का मी?"

मामा हसायचा, पण मत तसूभरही बदलायचा नाही.

एकदा जेवताना मामीची बोटं लाल दिसली. मामाने विचारलं काहीच नाही. सकाळी दुकानात मात्र सांगून मोकळा झाला, की लाल कापडातला तो ग्रंथ काल गुपचूप हलवला. आता झालं होतं असं, की ओल लागली म्हणून लाल कापडात बांधलेला एक ग्रंथ खरंच वरच्या खोलीत नेला होता आणि भिजल्या कापडाचा रंग मामीच्या हातांना लागला होता. दुपारपर्यंत मामाचं बोलणं ग्रंथपालांच्या कानावर गेलं.

"आतली गोष्ट तुमच्याच तोंडून बाहेर जाते, बाई. उद्यापासून येऊ नका."

मामी घरी आली. भांडली असती तर मामाला सोपं गेलं असतं. तिने भांडी घासली, फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि हळूच म्हणाली, "तिथला कागदाचा कपटासुद्धा मी कधी बाहेर आणला नाही हो."

दुसऱ्या दिवशी मामा तिला बरोबर घेऊनच दुकानात आला. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली आणि मामाचा हात थांबला. वस्तरा ठेवून, मामीला घेऊन तो समोर निघाला. गिऱ्हाईकही साबणासकट मागोमाग.

धर्मपीठाच्या पायरीवर, सगळ्यांदेखत, मामा ग्रंथपालांना म्हणाला, "साहेब, ही एक अक्षरही बोलली नाही. हिच्या बोटांना रंग दिसला, पुढचं मी रचलं. आजवरचं सगळंच मी रचलंय."

"म्हणजे इतकी वर्षं मी फुकटच हूं म्हणत होतो?" अर्धी दाढी म्हणाली.

ग्रंथपालांनी हसू दाबलं आणि किल्ली मामीच्या हातात दिली. मग मामाला म्हणाले, "या, एकदा आत बघून तरी घ्या."

मामाने खाली उतरणाऱ्या जिन्याकडे बराच वेळ पाहिलं.

"नको साहेब. बघितलं तर एवढंसंच निघायचं."

तो वळला आणि रस्ता ओलांडून सावकाश चालू लागला. मामी किल्ली हातात धरून पायरीवरच उभी होती, तो दुकानात दिसेनासा होईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत.