कूस बदलायला दोन माणसे

“गियाँ-बारे सिंड्रोम,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्या गुडघ्यावर मारून पाहिलेली रबरी हातोडी त्यांनी टेबलावर ठेवली. गुडघा हलला नव्हता.

शुक्रवार होता, दुपारचे साडेबारा. नगरच्या एका खासगी रुग्णालयात आम्ही न्यूरॉलॉजिस्टसमोर, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि पत्नी विमल. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक.

या आजाराला जीबीएस असेही म्हणतात. शरीरात रोगाशी लढणारी जी यंत्रणा असते, ती चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. नसांवरचे आवरण जाते आणि मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. सुरुवात बहुधा पायांपासून होते.

“किती वर चढेल?” विमलने विचारले.

“ते आज सांगता येत नाही. श्वासापर्यंत चढू शकतं. म्हणून आजच ऍडमिट करू.”

इतरांना उपयोग व्हावा म्हणून लक्षणे नोंदवतो. दोन आठवड्यांपूर्वी तीन दिवस जुलाब झाले होते. ते थांबले. सोमवारी तळपायांना मुंग्या आल्या. बुधवारी चालताना चप्पल पायातून निसटली आणि मला ते कळले नाही. गुरुवारी संडासातून उठता येईना. मी याला अशक्तपणा समजलो आणि चार दिवस घालवले. तुम्ही घालवू नका.

दोन तपासण्या झाल्या. नर्व्ह कंडक्शन स्टडी, म्हणजे नसेला विजेचा हलका झटका देऊन निरोप किती वेगाने जातो ते मोजणे. लंबर पंक्चर, म्हणजे मणक्यातून सुईने पाणी काढून तपासणे. मग आयव्हीआयजी सुरू झाले. रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेले हे औषध पाच दिवस शिरेतून देतात.

डॉक्टर रोज एका श्वासात आकडे मोजायला सांगत. शनिवारी मी वीसपर्यंत पोचलो, रविवारी अकरापर्यंत. सोमवारी सकाळी सहावर थांबलो. दुपारी घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. दुसऱ्या आठवड्यात ट्रॅकिऑस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला छेद देऊन नळी थेट श्वासनलिकेत बसवली. तिच्यामुळे आवाज गेला. हातपाय आधीच गेले होते. डोळे वरखाली करता येत होते, तेवढेच.

या आजारात माणूस बेशुद्ध नसतो. सगळे ऐकू येते, कळते, दुखते.

इथे आमच्या मंडळीविषयी, म्हणजे चर्चच्या समाजाविषयी, सांगणे भाग आहे. आम्ही ख्रिस्ती आहोत. आमचे घर तिसगावजवळच्या एका खेड्यात आहे. तिथे मिशनच्या काळातले दगडी चर्च आहे आणि त्याच्या दाराला दोन कुलपे आहेत. सहा वर्षांपूर्वी पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, बदलीवरून मंडळी फुटली. जुनी कमिटी सकाळी आठला उपासना घेते, नवी कमिटी अकराला. दोघांत बोलणे नाही. एका नाताळात प्रकरण हातघाईवर आले, पोलीस बोलवावे लागले. त्याची बातमी मी दिली होती. दोन्ही कमिट्या माझ्यावर चिडल्या. मी उपासनेला जाणे बंद केले. विमल जात राहिली, कधी आठला, कधी अकराला.

अतिदक्षता विभागात भेटीला दहा मिनिटे मिळत. जुन्या कमिटीचे सेक्रेटरी शांतवनमामा पहिले आले. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आवाज अजून गाडी चालू असल्यासारखा.

“काय पत्रकार,” ते म्हणाले, “आता लिवा की आमच्या विरोधात.”

सिस्टरने त्यांच्याकडे रागाने पाहिले. मामांनी माझ्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. तीत माझ्या नसा आल्या, डॉक्टरांची बुद्धी आली आणि नव्या कमिटीला प्रभूने सुबुद्धी द्यावी ही विनंतीही आली. दुसऱ्या दिवशी नव्या कमिटीकडून रूथमावशी आल्या. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांच्या प्रार्थनेत जुन्या कमिटीची अंतःकरणे मऊ व्हावीत, असे मागणे होते. मला कोणालाच आमेन म्हणता येत नव्हते. गप्प बसा म्हणायचीही सोय नव्हती.

पाचव्या आठवड्यात व्हेंटिलेटर निघाला. गळ्यातली नळी ठेवून मला जनरल वॉर्डात हलवले. तिथे दोन्ही उपासनांना येणारे आमचे पाळक आले आणि खाटेपाशी उभे राहून बोधपर बोलले. शरीर स्वतःवरच उलटते तशी मंडळी स्वतःवर उलटली आहे, असा विषय होता. उदाहरण बरोबर होते. ते ऐकत असताना माझ्या नाकावर एक माशी बसली होती. मला दुसरे काही सुचत नव्हते. रूथमावशींनी उपदेश चालू असतानाच पदराने ती हाकलली.

वॉर्डात रुग्णाच्या माणसांकडे मोठे काम एकच होते. पडून राहणाऱ्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर हाडाखालच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते. तिला बेडसोर म्हणतात. काम सोपे नाही. एकाने मान आणि गळ्यातली नळी सांभाळत खांदा धरायचा, दुसऱ्याने कंबर. दोन माणसे लागतात. सिस्टर दोघी होत्या आणि खाटा बावीस.

विमलची रजा संपत आली होती. तिने दोन्ही कमिट्यांना विचारले. दोन्हीकडून माणसे येऊ लागली. तासाभराचा जीपचा प्रवास करून, ज्वारीची काढणी सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार जुनी कमिटी. मंगळवार, गुरुवार, शनिवार नवी. दोघांचे व्हॉट्सॲप गट वेगळे, याद्याही वेगळ्या. रविवारी आणि रात्री विमल असे, तेव्हा दुसऱ्या हाताला वॉर्डातली आया.

एका शनिवारी संध्याकाळी संगमनेरला विमलचा भाऊ वारला. तिने दोन्ही गटांवर संदेश टाकला: उद्या दिवसभर मी नाही, कोणीतरी या. रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिने आयाच्या मदतीने मला पाठीवर निजवले आणि ती निघाली.

कोणीही आले नाही.

दोन्ही याद्या मी नंतर पाहिल्या. जुन्या कमिटीच्या यादीत रविवारपुढे ‘नवी कमिटी’ लिहिले होते. त्यांची उपासना अकराला, त्याआधी ते जातील असा हिशेब. नव्या कमिटीच्या यादीत ‘जुनी कमिटी’ होते. ते दहाला मोकळे होतात, मग जातील. विचारायला एक फोन पुरला असता. सहा वर्षांत एकमेकांना फोन न करण्याची सवय झाली होती.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होते. नऊला कमरेखाली आग सुरू झाली. अकराला ती वाढली. सिस्टर नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यायला आली. “काका, येतंय ना कोणी?” तिने विचारले. मी डोळे खाली नेले. खाली म्हणजे नाही, ही खूण मी आणि विमलने ठरवलेली. सिस्टरला ती माहीत नव्हती. “येतील, येतील,” म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली. दुपारी दोनला आग कमी झाली. ते बरे लक्षण नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. संध्याकाळी पाच चाळीसला पाळी बदलल्यावर नव्या सिस्टरने चादर उचलून पाहिले आणि आयाला हाक मारली.

साडेदहा तास.

कमरेखालच्या सपाट हाडावर तळहाताएवढा काळपट डाग पडला होता. गुरुवारी तो फुटला. डिब्राइडमेंट करावे लागले, म्हणजे मेलेले मांस कापून काढणे. ताप एकशे तीनवर गेला. “हाडापर्यंत गेलं तर जंतू रक्तात पसरतील,” डॉक्टर विमलला म्हणाले. “नसा भरून येतील. आता मला काळजी याची आहे.”

विमलने दोन्ही गटांवर एकच वाक्य लिहिले: यापुढे कोणी येऊ नये.

पुढचे आठ दिवस कोणी आले नाही. विमलने बिनपगारी रजा घेतली. आया मिळेल तेव्हा ती आणि आया मिळून मला वळवत. आया नसली की ती एकटी, चादर ओढून. चादर ओढल्याने जखम घासते, हे तिला कळत होते. ती वहीत वेळा लिहीत होती. पाचव्या दिवशी तिचे मनगट मुरगळले. त्या दुपारची नोंद वहीत कोरी आहे. मी तिच्याकडे पाहत होतो. तिला एवढेही सांगता येत नव्हते की राहू दे, बस.

नवव्या दिवशी, मंगळवारी, वॉर्डाच्या दारात मामा आणि रूथमावशी दिसले. गावातून नगरला येणारी सकाळची जीप एकच. दोघे एकाच जीपने आले होते, पण एक पुढे बसून, एक मागे.

“मी नको म्हटलं होतं,” विमल म्हणाली.

“रागवा, वयनी,” मामा म्हणाले. “रागवाच. पर ह्यान्ला कुशीवर कोन घेनार? हात बांदलाय तुमचा.”

“मामा, ह्यांची पाठ बघा एकदा. बघा आणि मग बोला.”

मामांनी पाहिली. मग मावशींकडे वळले. “ऐतवार तुमचा हुता.”

“आमचा? दहाला सुट्टी कुनाची हुती? घरी जाऊन मटन कुनी खाल्लं?”

“मटनाचं नाव काढू नको, रूथ.”

“मंग ऐतवाराचं काढू नका.”

शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. सिस्टरने आवाज कमी करा म्हणून सांगितले. भांडता भांडताच मावशी माझ्या कमरेशी आल्या. मामांनी खांद्याखाली हात घातला.

“नळी बघा, मामा. वडू नका.”

“पस्तीस वर्सं गाडी चालीवली. कळतंय मला.”

“एसटीच ती. मानसं धक्के खात उतरायची.”

“एक, दोन, तीन.”

मला डाव्या कुशीवर घेतले गेले. जखमेला धक्का लागला नाही. विमल खुर्चीत बसली. नऊ दिवसांत कोणाच्या तरी हाती मला सोपवून ती पहिल्यांदाच बसली होती.

कोणीही माफी मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज दोघे येऊ लागले, एक या गटाचा, एक त्या गटाचा. ही योजना समेटाची नव्हती. दुसऱ्यावर विश्वास नाही, म्हणून आपला माणूस हवाच, असे दोन्ही बाजूंचे म्हणणे होते. जखम भरायला चार महिने लागले.

आता माझ्यासारख्यांसाठी. घरात कोणी पडून असेल तर पाण्याची किंवा हवेची गादी पहिल्या दिवशी मागा. कमरेखालचे हाड, टाचा आणि खांदे रोज डोळ्यांनी पाहा. लाली दिसली की सांगा. रुग्णाच्या खुणा सिस्टरला शिकवा. कोण येणार हे एकाच कागदावर लिहा.

ज्यांनी माझ्यासारखी मंडळी सोडली आहे, त्यांना थोडे वेगळे सांगायचे आहे. मी बाहेर पडलो तो स्वतःच्या पायांनी. तेव्हा मला वाटले की मी खोटेपणाला कंटाळलो. ते खरेही होते. पण पाय गेल्यावर लक्षात आले की निघून जाणे ही धडधाकट माणसाची सोय आहे. पडलेल्याला माणसे निवडता येत नाहीत. जी येतात त्यांच्या हातात अंग द्यावे लागते. माझ्या वाट्याला आलेल्या माणसांनी मला जखम दिली आणि त्याच माणसांनी ती धुतली. त्यातले एक वगळून दुसरे मी लिहू शकत नाही.

मंडळीवर प्रेम करा म्हणजे तिचे दोष झाका, असे मी म्हणत नाही. माझी बातमी खरी होती. आजही तशीच लिहीन, एक शब्द कमी करणार नाही. फरक इतकाच की त्यानंतरच्या रविवारी उपासनेलाही जाईन. बायबल ख्रिस्ताचे शरीर म्हणते ते हिलाच, भांडणाऱ्या या माणसांना. याहून बरी मंडळी असेल, तर तिची अजून माझ्याशी गाठ पडलेली नाही. आणि ही मंडळी बरी व्हावी म्हणून मला काही करता येईल, असेही दिसत नाही. नसांसारखेच आहे. भरून येणे आपल्या हाती नसते. आपल्या हाती तिथे असणे असते.

सध्याची स्थिती: आवाज परत आला आहे, थोडा घोगरा. हात खांद्यापर्यंत उठतात, बोटे वळत नाहीत, म्हणून हे विमल लिहून घेते. पावले अजून लोंबतात, म्हणून पायांना स्प्लिंट, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधतात. दोन्ही बाजूंनी धरले तर वीस पावले चालतो. आणखी किती सुधारेल ते डॉक्टर सांगत नाहीत. मी विचारणे सोडले आहे.

आजारानंतर उपासनेला गेलो त्या पहिल्या रविवारी उठून तयार व्हायलाच नऊ वाजले. त्यामुळे अकराची उपासना ठरली, नव्या कमिटीची. शांतवनमामांनी मला आपल्या भाच्याच्या गाडीतून चर्चच्या आवारात आणले. विमलने एका बाजूने धरले, मामांनी दुसऱ्या बाजूने. तीन पायऱ्यांना दहा मिनिटे लागली. उंबऱ्याशी मामा थांबले. अकराच्या उपासनेला पाऊल टाकणार नाही, असे त्यांनी सहा वर्षांपूर्वी जाहीर केले आहे.

आतून रूथमावशी आणि आणखी एक जण पुढे आले.

“धरलं का?” मामांनी विचारले.

“धरलंय की.”

“बगलेत धर, रूथ. हाताला न्हाई. बगलेत.”

“धरलंय म्हनलं ना, मामा.”

मामांनी माझ्या बगलेत हात घालून पाहिला, मावशींचा हात तिथे आहे का. तो होता. मग त्यांनी मला सोडले.