प्रोब उचलला की मशीन बंद

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर "आधी घराचं अर्थिंग तपासा" एवढंच सुनावायचो. त्यामुळे इथं हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. हसायचं तर हसा... पण पूर्ण वाचा.

मी शेंद्र्याला एका कंपनीत बॅटरी टेस्टिंग करतो. घर करमाडला. आईची फुप्फुसं पार निकामी झालीत, घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असते. लाईट गेली तर इन्व्हर्टर, तोही गेला तर सिलेंडर. यंदा उन्हाळ्यात इन्व्हर्टर लवकरच मान टाकायला लागला, म्हणून साहेबांना विचारून रविवारी दुपारी त्याची बॅटरी लॅबमध्ये नेली. आतला रोध मोजला की तिच्यात किती दम उरलाय ते कळतं; रोध जास्त, तर दम कमी. घरी भरलेला सिलेंडर होता, बायको वैशाली होती.

आमच्यात पहिला नियम — बॅटरी सगळ्यापासून सोडवायची, मगच मोजायची. तिच्यावर काही चालू असलं की आकडा नाचतो. ही तर टेबलावर एकटी. अंगठी-घड्याळ काढलं, चष्मा लावला, मीटरला एवढे व्होल्ट चालतात ना ते बघितलं, झीरो केला. जाड टर्मिनलला मीटरचे चिमटे बसेनात, म्हणून त्याच्या वायरींचे टोकदार प्रोब दोन्ही हातांनी दाबून धरले.

थोडा वेळ ठीक होतं. मग एकदम आकडा नाचायला लागला. व्होल्ट उतरायला लागले... तिच्यावर कुणी काहीतरी चालवत असल्यासारखे!

तेवढ्यात फोन वाजला. प्रोब ठेवून घेतला.

"अहो, लाईट गेली! तरी मशीन चालू होती, आत्ता बंद पडली. सिलेंडरची चावी फिरंना!"

फोन स्पीकरवर टाकला. बॅटरी घेऊन पळायचं, तर निदान तिच्यात जीव आहे का बघावं म्हणून पुन्हा प्रोब दाबले.

"चालू झाली!" वैशाली ओरडली.

"कशी होईल? बॅटरी इथंय!"

"मला काय म्हाईत? इन्व्हर्टरच्या वायरी तर तशाच लोंबायल्यात!"

मी प्रोब उचलला.

"बंद पडली! अहो, आईंचे ओठ निळे पडलेत..."

दाबला. चालू.

मग मी हललोच नाही. "शेजारी कुणाला तरी हाक मार," म्हणालो, तर सगळे लग्नाला गेलेले. घामानं प्रोब निसटत होते, खांदे भरून आले होते, आणि व्होल्ट उतरतच होते. फार उतरले की इन्व्हर्टर बंद पडतो, हे मला पक्कं ठाऊक. मी ढसाढसा रडत होतो. देवाला हात जोडायचीही सोय नव्हती, म्हणून बॅटरीलाच विनवलं — थोडा दम धर गं बाई, माझी माय जाईल.

"आली! लाईट आली!"

त्याच क्षणी आकडा स्थिर झाला. रोध एवढा, की त्या बॅटरीवर साधा पंखा चालला नसता. नंतर मीटर तपासला, इन्व्हर्टर दुसऱ्याकडून तपासून घेतला. कशातच दोष नाही. कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि आता शोधायची भीतीच वाटते.

घरी पळत आलो. आई थकून पडली होती. मी उशाशी बसलो तशी तिनं डोळे उघडले.

"दिगू, लई घट्ट धरला व्हतास रं माझा हात. तुजाच दुखला आसंल."

मी वैशालीकडं बघितलं. तिनं नकारार्थी मान हलवली. त्या सगळ्या वेळात तिच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात सिलेंडरची चावी. आईजवळ कुणीच बसलं नव्हतं.

"नाय दुखला," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?