माझ्या शेतातल्या बाबाचं मनगट

शेततळं खणताना जेसीबीच्या बकेटीत मिठाची ढेकळं आली आणि त्यांच्यासोबत एक वाळलेलं मढं आलं. आमचा तांडा हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडं, मुरमाड माळाला. तिथं पाणी ठरत न्हाई, म्हणून सडलं नसावं. कमरेखालचं बकेटीनं पार चुरलं होतं, तोंड चेपलं होतं. छाती, बरगड्या आणि एक हात तेवढा शाबूत, कातडं आखडलेलं, केस झडलेले. बसवून पुरलेलं, भोवती मीठ, मिठात गुलाल.

तांड्याचा नाईक आला, चप्पल काढून उभा राहिला.

"ही समाधी हाय. बापजाद्यांच्या काळी आपल्या इथं एक साधू होता म्हणतात, तोच ह्यो."

दुपारपर्यंत नारळ फुटले, दिवस मावळेपर्यंत मंदिर ठरलं. ठरलं ते माझ्या शेतात. विहिरीलगतचा तोच एक तुकडा भिजतो, बाकीचं सगळं वरच्या, पावसाच्या पाण्यावर. साधू खरा निघाला की तुकडा गेला, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शाळा मी दुसरीत सोडली, पण हाडं मी बसवतो. सेनगावहून लोक जीप करून येतात. मनगट मोडलं का मुरगळलं ते डोळे मिटून सांगतो. म्हणून मी त्या बाबाचा हात हातात घेतला.

"बाबाला हात लावू नको," नाईक ओरडला.

"बाबा माझ्या शेतात हाय. भाडं देत न्हाई, निदान हात तरी दाखवंल."

आपल्या मनगटाला करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या अंगानं दाबून बघा. वाटाण्यासारखं एक हाड लागतं. ह्याचं तिथं चिंचोक्यासारखं लांबट होतं, बाहेर आलेलं. अंगठाही आखूड.

"हा माणूस न्हाई," मी म्हणालो.

"मग काय हाय?"

"अस्वल."

लहानपणी मी अस्वलाचा सोललेला पंजा पाहिला होता, तो अगदी माणसाच्या हातासारखा दिसला होता.

"अस्वलाला गुलाल कोण लावतं?" नाईक म्हणाला. "आन् अंगठ्याचं म्हणशील, तर माळ ओढून ओढून झिजला तो."

लोकांनी माना हलवल्या. मागून कुणीतरी बोललं, "शेत जाऊन राहिलं म्हणून काकाला अस्वल दिसून राहिलं." तेही खरं होतं. पण हाडही खरं होतं. आमची बुढी, म्हणजे माझी बायको, मला म्हणाली, "तुमी गप बसा, शाप लागंल." मी गप बसलो न्हाई.

माणसाचं मढं म्हटल्यावर पोलीस पाटलानं ठाण्याला कळवलं आणि ते हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. जीपमध्ये एका बाजूला नाईक, दुसऱ्या बाजूला मी, मधे पांढऱ्या कपड्यात बाबा. वाटेत नाईक बाबाला जपत होता आणि मी मनगटाला जपत होतो.

दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. जनावरांच्या डॉक्टरलाही त्यांनी बोलावून फोटो दाखवला. मग आम्हाला जवळ बोलावलं.

"माणसाच्या मनगटात आठ हाडं असतात. इथं नऊ आहेत. हे मधलं बारीक हाड बघा, माणसात ते वेगळं नसतं."

"म्हणजे माणूस न्हाई," मी म्हणालो.

"नाही."

मी नाईकाकडं बघितलं. चांगलं सावकाश बघितलं.

"अस्वल," मी म्हणालो.

"अस्वलाची मनगटातली दोन हाडं जुळून एक झालेली असतात. इथं ती सुटी आहेत. काका, हे वानर आहे."

नाईकानं हात जोडले. मला वाटलं, हार मानली. पण तो एक्स-रेच्या पाया पडत होता. "मारुतीराया," म्हणाला.

आमच्याकडं वानर मेलं की त्याची मिरवणूक निघते. वाजतगाजत नेतात, गुलाल लावतात, बसवून मिठात पुरतात, माणसासारखंच. त्या जागेवर कुणी नांगर घालत न्हाई. साधूपासून शेत वाचलं होतं. अस्वल असतं तर पुरतंच वाचलं असतं.

"मॅडम," मी हळूच विचारलं, "अस्वल म्हटलं तर न्हाई का चालणार?"

"काका, तुम्ही हाडं बसवता म्हणे. मुरगळलेला हात मोडला म्हणून सांगाल का?"

"न्हाई."

"मग?"

मी वानराचा हात पांढऱ्या कपड्यात नीट गुंडाळला.

तांड्यावर आल्यावर माझी म्हातारी काकू म्हणाली, "व्हय व्हय, वानरच ते. लाइटीच्या तारेला चिकटून मेलं व्हतं, तू तवा ल्हान व्हता. तुझ्याच बापानं मिठाचं पोतं दिलं, जागा बी त्यानंच दाखवली."

"मग आधी काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी समदे साधू साधू करून राहिले व्हते. मला वानराचं इचारलं कुणी?"

बापानं दिलेली जागा. आता कुणाशी भांडणार? वानर पुन्हा तिथंच बसवलं, नवं मीठ घालून. शेततळं खणायचं राहून गेलं. नाईक सभामंडपाचं बोलायला लागला, तेव्हा मी सांगितलं, जागा माझ्या बापानं दिली, तर किती दिली ते मीच सांगीन. ओटा मी माझ्या हातानं बांधला. एक वानर मांडी घालून बसंल एवढाच. दुसऱ्यानं बांधला असता तर तो विहिरीपर्यंत आला असता.