पुढच्या दोन खुर्च्या

आमच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं ते माझ्यामुळे. आज हे घरात कोणाला आठवत नाही. चार माणसं जमली की त्या लाल गाडीच्या पिकअपच्या गोष्टी निघतात, निगडीच्या चढावर तिने कोणाकोणाला मागे टाकलं ते निघतं, आणि मी आत जाऊन भांडी आवरायला लागते. भांडी आपटते, असं सुना म्हणतात. आपटत असेन.

माझं माहेर अहमदपूरच्या पुढे. वडील शिंपी. चौथीतून माझी शाळा सुटली ती काजं-बटणं करायला. सतराव्या वर्षी लग्न होऊन थेरगावात आले. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात दोन लेथ आणि एक ड्रिल, मागे आमच्या तीन खोल्या. थोरले दीर आणि आमचे हे मिळून पिंपरीच्या कंपन्यांसाठी सुटे भाग बनवून देत. माझं ‘करायले’, ‘जायले’ ऐकून जाऊबाई हसायच्या, पोरांना म्हणायच्या, "काकी मराठवाड्याची हाय, तिला इचारा कामून." मी पण हसायचे. आपल्याला इथे ठेवून घेतलंय हीच मोठी गोष्ट, असं मला रोज सकाळी उठल्याबरोबर वाटायचं, आणि आज काही चुकलं तर नाही ना, असं रोज झोपताना.

उगीच वाटत नव्हतं. हुंडा न घेता मला पसंत केली ती सासूबाईंनी. पहिल्याच थंडीत मला टायफॉइड झाला तेव्हा त्या एकवीस दिवस उशाशी बसल्या. मुलीच्या वेळी रक्त कमी पडलं, तर थोरल्या दिरांनी दवाखान्यात जाऊन स्वतःचं दिलं. माझ्याशी थेट बोलायची त्यांची पद्धत नव्हती. काही सांगायचं असलं की ते वाक्य ह्यांच्याकडे बघून टाकायचे. पण रक्त दिलं. ज्यांच्या रक्तावर आपण उभ्या आहोत त्यांच्यापुढे तोंड उघडायचं कसं, हे मला आठ वर्षं कळलं नाही.

त्या आठ वर्षांत मी माहेरी दोनदा गेले. एसटीत मला भयंकर लागायचं. दुसऱ्या खेपेला मुलगी मांडीवर होती, आणि येडशीच्या घाटात शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतरावर मी ओकले. तो बिचारा काही बोलला नाही, पण बाकी सगळी गाडी बोलली. त्यानंतर एसटीचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, ते वाईट पाणी.

म्हणून धाकट्या बहिणीचं लग्न ठरल्याचं पत्र आलं तेव्हा मला आनंदाच्या आधी धास्तीच वाटली. ह्यांनी ते ओळखलं. जेवता जेवता सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या वेळी एसटी न्हाई. तुझ्या बहिणीच्या लग्नाला आपल्या गाडीनं जायचं." दिरांनी मान हलवली. काम जोरात होतं, गाडीचा विषय त्यांच्याही मनात होताच.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने पोस्टकार्ड लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा, कोणाकडून न लिहवून घेता. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. आम्ही आमच्या गाडीने येणार, गल्लीत लाकडं पडली असतील ती बाजूला करून ठेवा. एवढंच. पेटीत टाकल्यावरही मी जरा वेळ तिथे उभी राहिले.

मुंबई-पुणे रस्त्याला लागून एका चाचांचं गॅरेज होतं. आमचा जुना टेम्पो तेच बघायचे. त्यांच्याकडे दोन गाड्या विकायला आल्या होत्या. एकाच घाटाच्या, चार दारांच्या, घरगुती म्हणाव्या अशा, पण दोन हौशी भावांनी त्या पळवण्यासाठी कमावून घेतलेल्या. इंजिनं मोकळी केलेली, टायर रुंद, पाठीमागे नळकांड्याचा दमदार आवाज. एक लाल, एक मोतिया. चाचा म्हणायचे, जुळ्या आहेत, कुठलीही न्या, दुसरी रडेल.

जुळ्या नव्हत्या. मोतिया गाडीत पुढे एकच लांब सलग बैठक होती आणि गियरची दांडी स्टिअरिंगजवळ. लाल गाडीत ती बैठक काढून दोन वेगळ्या खुर्च्या टाकलेल्या, आणि मधोमध जमिनीतून वर आलेली गियरची दांडी, शर्यतीच्या गाडीला असते तशी.

मग आमच्याकडे मोजमाप सुरू झालं. लेथवरची माणसं ती. केसाचा फरक पडला तरी कंपनी माल परत पाठवायची, त्यामुळे मोजल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवत नसत. दोन्ही गाड्या आळीपाळीने शेडपुढे आणल्या. प्लग काढून कॉम्प्रेशन बघितलं. टायरच्या खाचा व्हर्नियर लावून मोजल्या. चाक फिरवून डगमगतंय किती ते बघितलं. शेडमध्ये ऑर्डरी लिहायचा काळा फळा होता, तो पुसून त्यावर खडूने दोन रकाने पाडले, लाल आणि मोतिया, आणि रोज एक नवी ओळ वाढायला लागली. कामगारांतही दोन पक्ष पडले. लालवाले मोतियावाल्यांना म्हणायचे, "राव, तुमची गाडी म्हंजी दत्तजयंतीला न्यायची." मोतियावाले म्हणायचे, "आन तुमची सरळ दवाखान्यात."

मी चहा घेऊन जायचे तेव्हा तो फळा वाचायचे. तीन आठवड्यांत सतरा ओळी झाल्या. ब्रेक होता, क्लच होता, हॉर्नसुद्धा होता. किती माणसं बसतात, ही ओळ नव्हती. मला ती दिसत होती, म्हणजे नसलेली दिसत होती. आम्ही मोठी पाच, जावेची दोन थोराड पोरं, माझी सहा वर्षांची मुलगी. मोतिया गाडीत पुढे दोघे भाऊ आणि एक पोरगा, मागे आम्ही तिघी, उरलेली दोन पोरं मांडीवर आणि फटीत. दाटीवाटीने, पण जमत होतं. लालमध्ये जमत नव्हतं. रात्रीच्या भाकऱ्या थापताना मी हे दहा वेळा मांडून बघितलं, आणि दर वेळी एकच माणूस बाहेर उरत होतं.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बरोबर आहे, बोलतो. आणि एकदा बोललेही. मी दाराआड होते. "दादा, मोतियाच घेऊ या का? घरच्याला बरी पडंल." दीर म्हणाले, "घरच्याला टेम्पो हाय की." कामगार हसले आणि हेही हसले. मला त्या हसण्याचा जेवढा राग आला तेवढा दिरांचाही आला नाही.

गाडी उचलायच्या आदल्या दिवशी आम्हा बायकांना गॅरेजवर नेलं, रंग बघायला. जाऊबाईंना लाल आवडला. मला कोणी विचारलं नाही. चाचा फडक्याने हात पुसत आमच्याकडे बघत होते. त्यांनी दिरांना विचारलं, घरात माणसं किती. तीन आठवड्यांत हा प्रश्न विचारणारा तो एकटा माणूस. दिरांनी बोटांवर मोजली. "मी, ह्यो, आई, आमची मंडळी, तीन पोरं."

"आणि ह्या ताई?"

दिरांनी ह्यांच्याकडे बघितलं. "ती काय, बसंल कुठंबी. अंगानं केवढीशी हाय."

चाचा मला म्हणाले, "ताई, एकदा बसून बघा. गाडी बसून घ्यायची असते." माझा हात लाल गाडीच्या दाराच्या मुठीवर गेला होता. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी म्हणाले, "नको, बरी आहे." बरी आहे! पन्नाशी उलटली तरी ते दोन शब्द आठवले की माझे कान तापतात. सांगणारा माणूस समोर होता, मुठीवर हात होता, आणि मी म्हणाले बरी आहे.

दसऱ्याला लाल गाडी दारात आली. झेंडू, नारळ, चाकाखाली लिंबू. लेथबरोबर तिचीही पूजा झाली. ओवाळलं मी. मग फेरी मारायला सगळे बसले, पटापट दारं लागली, आणि मी ताम्हन हातात धरून रस्त्यावर राहिले. काचेतून सासूबाई म्हणाल्या, "आगं, ही र्‍हायली की." दीर म्हणाले, दुसऱ्या फेरीला. दुसरी फेरी कामगारांची झाली.

लग्न मार्गशीर्षात होतं. आठ दिवस आधी जेवताना दिरांनी ह्यांच्याकडे बघून सांगितलं, की नवरीची बहीण दोन दिवस आधी गेलेली बरी, कामाला हात लागतात, आहेराची ट्रंक पण तिच्याबरोबर जाईल, गाडीत तिला जागा नाही. सगळं कसं सोयीचं. म्हणजे ज्या बाईला एसटी लागते म्हणून गाडी घेतली, ती एसटीने, आणि गाडी तिच्या माहेरी तिच्याशिवाय. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आमटीत भाकरी कुस्करत होते. कुस्करून पार लगदा झाला तरी कुस्करत होते.

मी म्हणाले, "बरं."

ट्रंक घेऊन एकटी गेले. मुलीलाही त्यांनी गाडीसाठी ठेवून घेतलं, तिला हौस होती. वाटेत काय झालं ते सांगण्यासारखं नाही. लातूरच्या स्टँडवर नळाखाली तोंड धुताना मी ठरवलं, की आईला म्हणायचं, मलाच घाई झाली होती. आईला तसं सांगितलंही. गल्लीतली लाकडं खरंच बाजूला केलेली होती. वडिलांनी रस्त्यावरचे दगड वेचून भिंतीला लावले होते. ते बघून मी मोरीत जाऊन बसले.

दोन दिवसांनी गाडी आली. आख्खी गल्ली बाहेर. माझी मुलगी खिडकीतून हात हलवत होती. दिरांनी पुरुषांना बॉनेट उघडून दाखवलं, जमिनीतली गियरची दांडी दाखवली. माझ्या वडिलांनी आपला गळ्यातला टेप काढून खिशात ठेवला, हात धोतराला पुसले आणि गाडीत वाकून बघितलं. पुढे बघितलं, मागे बघितलं. आयुष्यभर माणसांची अंगं नजरेनं जोखलेला माणूस. मग सरळ झाले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले,

"पुढं दोघंच बसतेत. मग तू कुठं बसतीस गं?"

मी पदर खोचून घ्यायला लागले. ते वाट बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, हळदीला बघ कुणी हाय का," आणि मांडवात निघून गेले. लग्न पार पडेपर्यंत त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

निघायच्या सकाळी माझी ट्रंक एसटीने न्यायला ओट्यावर काढून ठेवलेली होती. आई ओटी भरत होती. ओटी झाली, मी पाया पडले, आणि चालत जाऊन गाडीचं पुढचं दार उघडून खुर्चीत बसले. गाडी चालवणाऱ्या ह्यांच्या शेजारच्या, दिरांच्या खुर्चीत. दार मीच लावून घेतलं.

सगळ्यांना वाटलं गंमत करते आहे. जाऊबाई खिडकीशी आल्या. "आगं उतर की आता. उशीर व्हायलाय, तुझ्याच भाषेत सांगते."

मी आठ वर्षांत पहिल्यांदा थोरल्या दिरांकडे सरळ बघून बोलले. "दादा, मी उतरणार नाही. कोणी उतरायचं ते तुम्ही बघा."

गल्ली उभी होती. माझे वडील उभे होते. दिरांचा चेहरा गाडीसारखा झाला. ते माझ्याकडे बघत राहिले, मग ह्यांच्याकडे. हे स्टिअरिंग धरून समोर बघत होते, पण ह्या वेळी हसले नाहीत. शेवटी दीर म्हणाले, त्यांचं लातूरला एका गिऱ्हाइकाकडे काम आहे, ते आपले एसटीनेच येतील. लातूरला त्यांचं गिऱ्हाईक नव्हतं. ट्रंक त्यांनी स्वतः उचलली.

मला वाटलं होतं, मोठं काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. त्या कमावलेल्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे इतके कडक होते की प्रत्येक खड्डा पाठीत बसत होता, आणि येडशीच्या घाटात ह्यांना गाडी थांबवावी लागली. मी रस्त्याच्या कडेला बसून ओकले, एसटीत ओकते तशीच. हे पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उकिडवे बसले. म्हणाले, पुढच्या खेपेला सावकाश आणतो.

मी म्हणाले, "मला तिकडं जाताना बसायचं होतं. त्यांनी दगड वेचून ठेवले होते."

ह्यांनी तांब्यात उरलेलं पाणी ओतून दिलं. म्हणाले, "व्हय."

पुढे इंदापूर जवळ आलं. मागे सासूबाई पोरांना चिवडा वाटत होत्या. एक मूठ त्यांनी दोन खुर्च्यांच्या मधून, त्या गियरच्या दांडीवरून, माझ्यासाठी पुढे केली. घ्यायचा नाही असं मनात होतं. पण हात तसाच धरून राहिल्या त्या, गाडी हलत होती, चिवडा सांडत होता. मग घेतला.