कोनच्या मावशींचा डगला

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी पनवेलच्या माझ्या घराची बेल वाजली. खरं तर इथपर्यंतच बातमी आहे. कुरिअरवाला हल्ली पार्सल दारात टाकून फोटो काढतो आणि जातो, दूधवाला पिशवी कडीला अडकवतो... बेल चालू आहे हेच मी विसरलो होतो.

दारात पंचाहत्तरीच्या एक बाई, काखेत कापडी पिशवी. जवळच्या कोन गावाहून रिक्षाने एकट्याच आल्या होत्या. मी ज्या भंगारवाल्याकडून जुने लष्करी गणवेश घेतो, त्याने "फौजेच्या कपड्यांचे मास्तर" म्हणून माझा पत्ता दिला होता.

मास्तर मी खराच, पण संस्कृतचा. गणवेश जमवणं हा नाद. खरा कुठला आणि नाटकवाल्यांनी शिवून घेतलेला कुठला, हे सांगण्यात माझं थोडंफार नाव आहे... म्हणजे इंटरनेटवर, ज्यांना मी कधी भेटलो नाही अशा चाळीसेक माणसांत.

मावशींनी आत येऊन हँगरला लावलेल्या माझ्या सगळ्या संग्रहावरून नजर फिरवली. "एवरे डगले... आन् मानूस एकच?"

"सध्या एकच," मी म्हणालो. हे 'सध्या' गेली नऊ वर्षं चालू आहे.

मग त्यांनी काम सांगितलं. गावातल्या शाळेच्या भिंतीवर फौजेत गेलेल्यांची नावं रंगवायची ठरली आहेत. मावशींचे यजमान तरुणपणी फौजेत ड्रायव्हर होते, पण कागद पुरात गेले आणि सरकारकडे टाकलेल्या पत्राला उत्तर नाही. कमिटीतली पोरं म्हणतात, पुरावा आणा. पुरावा म्हणून उरलाय तो हा एक डगला... हिरवा, सुती, चार खिशांचा.

"पोरा म्हनतान, असा डगला बाजारात पन भेटतं. खरा का खोटा तेवरा सांगा, मास्तर."

मी पडदे ओढले, दिवा घालवला आणि माझा जांभळ्या उजेडाचा टॉर्च काढला. जुना सुती कपडा त्या उजेडात मुकाट पडून राहतो, अलीकडचा धागा मात्र निळसर चमकतो. आम्हा संग्राहकांचं हे ब्रह्मास्त्र.

डगला चमकला. गळ्यापासून घेरापर्यंत, लाजबीज न बाळगता.

"बगा! कसा चमकतंय!" मावशी हरखून म्हणाल्या.

आता हे कसं सांगायचं... पण आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला गोड बोलून चूक सोडून देता येत नाही. मी सांगितलं, की चमकतोय म्हणजे कापड त्या काळचं नाही.

"मंजे त्यांचा नाव नाय येयाचा," एवढंच मावशी म्हणाल्या. वाद नाही, रडणं नाही. डगला मांडीवर घेऊन घडी घालायला लागल्या. आधी बाह्या मागे, मग कॉलर उभी, मग तळहाताने एकेक खिसा सपाट.

आणि घडी घालता घालता, मला नव्हे, डगल्यालाच सांगितल्यासारखं बोलल्या, "दर झेंड्याच्या दिवशी घालाचे. त्ये गेले तरी मी वरसाला धुतंय. चांगल्या पावडरीत. सोडा नाय लावीत."

पावडर...

कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून हल्लीच्या पावडरीत जे घालतात, तेच या उजेडात चमकतं. हे मला ठाऊक होतं. फक्त लक्षात आलं नाही, कारण आमच्यात गणवेश धुणं हे पाप. माझ्या घरातला एकही कोट कुणी कधी कुणासाठी धुतलेला नाही. धूर दिसला की विस्तव असतो, हे अनुमान मी किती वर्षं वर्गात शिकवलं... आणि समोर धुकं आलं तर मीच आग आग म्हणून ओरडलो.

"मावशी, खिसा उसवू का? परत शिवून देतो."

"तुमाला येतं शिवाया?"

"एकट्या माणसाला सगळं येतं."

खिशाच्या आतल्या दुमडीत, जिथे साबणाचा हात पोचत नाही, तिथे शिक्का होता. पुसट काळा बाण, म्हणजे फौजेच्या मालाची खूण, आणि खाली आकडे. नाटकवाले दिसणाऱ्या जागी शिक्के मारतात. हा बसला होता तो कुणी बघू नये अशा जागी. डगला खरा होता, आणि मी पाच मिनिटांपूर्वी तो खोटा ठरवून मोकळा झालो होतो. मी माफी मागितली. मावशींनी ती फारशी ऐकली नाही, त्या शिक्क्यावर बोट ठेवून बसल्या होत्या.

कमिटीसाठी पत्र लिहायला घेतलं तेव्हा माझ्यातला पंतोजी पुन्हा जागा झाला. म्हटलं, डगला फौजेचा आहे हे लिहितो, पण तो त्यांनीच घातला होता हे मी कसं लिहू?

"त्या तुमी नका लिवू," त्या म्हणाल्या. "डगल्याचा तुमी सांगा. मानसाचा मी सांगीन."

पत्र गेलं, कमिटीने मानलं, नाव रंगवूनही झालं म्हणे. ते असो. मला सांगायचंय ते पत्र लिहितानाचं.

यजमानांचं नाव विचारलं तर मावशी पिशवी चाचपायला लागल्या. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव कसं घेणार? पिशवीतून रेशनकार्ड काढून पुढे केलं. मी उतरवून घेतलं, आणि लिहिणं संपल्यावर पत्र मोठ्याने वाचून दाखवलं... "कै. हरिश्चंद्र धाकू पाटील यांच्या घरातील हा डगला..."

"परत वाचा," मावशी म्हणाल्या.

परत वाचलं. शेवटपर्यंत त्यांनी ऐकलंच नाही, नाव येऊन गेलं की त्यांची मान हलायची. चाळीस-पन्नास वर्षं स्वतःच्या तोंडाने न घेतलेलं नाव, आणि आता घरात ते घेणारंही कुणी नाही. तिसऱ्यांदा त्यांना सांगावं लागलं नाही. मी फक्त नावच वाचलं, सावकाश, हजेरी घेताना घ्यायचो तसं.

"हां," त्या हळूच म्हणाल्या.

माझ्या घरात कुणी कुणाचं नाव मोठ्याने घेऊन किती दिवस झाले होते, ते मला तेव्हा कळलं. मावशी, तुमचे आभार.