तोतऱ्या राजाची राणी

मी पाठ शेकायला जाते त्या दवाखान्यात नर्सनं एका आजोबांना नाव विचारलं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर जीभ जड झालेले आजोबा अडखळले.

“आजी, तुम्हीच सांगा ना!” नर्स शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोवर वैतागली.

“सांगतील ते. थांबा जरा.” आजींचे ओठ मात्र आवाज न करता हलत होते.

मला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला तो तोतरा इंग्रज राजा आठवला. त्यानं आपल्यावर राज्य केलं, तरी माझा त्याच्यावर जीव आहे. तो भाषणाला उभा राहिला की राणी शेजारी श्वास रोखून बसायची. अडकलेला शब्द त्यालाच काढू द्यायची. तो लवकर गेला. ती कितीतरी वर्षं मागे उरली.

काल आजी एकट्याच वॉकर परत करायला आल्या. नर्सनं पेशंटचं नाव विचारलं. आजींनी सवयीनं शेजारी पाहिलं. मग नाव त्यांनाच सांगावं लागलं.